हळदीच्या दिवसांत तापलेली गाडी

फाल्गुन लागला की आमच्या कुरुंद्यात माणूस आधी वासानं जागा होतो, मग उजेडानं. शिजणाऱ्या हळदीचा वास. जरा मातकट, जरा कडवट आणि खोल आत कुठंतरी गोडसर. गावाबाहेर जिथं तिथं बॉयलर लागलेले असतात, त्यांची पांढरी वाफ सकाळच्या गारव्यात जमिनीला धरून राहते आणि ऊन तापलं की उठून जाते. अंगणात, खळ्यावर, शाळेच्या कडेला, जिथं जागा मिळेल तिथं हळद वाळत पडते. बायांचे हात मनगटापर्यंत पिवळे होतात. चहाच्या कपाच्या कानालाही पिवळा रंग लागतो.

यंदाही तो वास आला, आणि यंदाही माझी गाडी वसमतला गफूरभाईच्या गॅरेजात उभी होती. आमच्या पाटबंधारेच्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावरचे देशमुखसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, किती घालणार अजून त्या डब्यात? भंगारात द्या, मोकळ्या व्हा." ते दर वर्षी हेच म्हणतात आणि मी दर वर्षी हसून फाइल पुढं ओढते. त्यांचं हिशेबानं बरोबर आहे. पण शिजत्या हळदीचा वास नाकात असताना ती गाडी विकायचा विचार माझ्या मनात टिकतच नाही. तो वास मला थेट त्या साली नेऊन सोडतो, ज्या साली माय आजारी होती.

घरात आम्ही दोघीच. बाप मी कॉलेजात असतानाच गेला. माझं लग्न झालं, टिकलं नाही, आणि मी परत मायजवळ आले. धाकटा भाऊ मिलिंद पुण्यात नोकरीला. आमची दोन एकर हळद माय बघायची, मी नोकरी. गाडी मी घेतली ती एका बदली झालेल्या साहेबाकडून. पांढरी, जुनी, डाव्या दाराला पोचा आलेली. गावात बाईनं गाडी चालवायची म्हणजे आधी पोरं मागं पळणार, मग पारावरची माणसं बोलणार. माय एकदा पारावरून येताना ऐकून आली. घरात शिरता शिरता म्हणाली, "बोलून राहिले तर बोलू दे. त्याईच्या बापाचं पेट्रोल हाय का?"

त्या गाडीत सुरुवातीपासूनच खोट होती. गरम व्हायची. वसमतपर्यंत ठीक, त्यापुढं गेलं की तापमानाच्या काट्याचा भरवसा नाही. माझं ऑफिस वसमतलाच, म्हणून मी ते फार मनावर घेतलं नव्हतं.

मग मायचं दुखणं निघालं. ती बऱ्याच दिवसांपासून अंगावर काढत होती. लुगड्यावर डाग पडायचे, ती ते स्वतः धुवायची आणि मला पत्ता लागू द्यायची नाही. एकदा हळदीच्या शेतात चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. शेक द्यावे लागतील, म्हणजे मशीनची किरणं. आठवड्यातले पाच दिवस, लागोपाठ, पाच-सहा आठवडे. "एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "खंड पडू द्यायचा नाही. रोज म्हणजे रोज."

मिलिंदचा फोन आला. "ताई, नांदेडला खोली घे. त्या खटाऱ्यात आईला रोज नेऊ नको. ती गाडी रस्त्यात दगा देईल."

मायनं फोन माझ्या हातातून घेतला. "म्या नांदेडला खोलीत बसून भित्ताकडं बघू का? हिकडं हळद निघून राहिली. दिवसा शेक घेईन, सांच्याला माझ्या अंगणात येऊन निजन. अंगण दिसलं न्हाई तर मी शेकानं न्हाई, त्या खोलीनंच मरन." फोन मला परत देऊन ती सुपात हळकुंडं घेऊन निवडायला बसली. झालं, ठरलं. मी रजा टाकली.

आता मागं वळून बघते तर त्या दिवसांची काळ-वेळ नीट जुळत नाही, तुकडे मात्र लख्ख आहेत. सकाळी निघताना गाडीच्या काचेवर बसलेली वाफेची ओल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचा कापलेला पाला, त्यातून मोकळी झालेली काळी, वरंब्यांची जमीन. उसाची बैलगाडी, तिच्यामागं हळूहळू जाणारी मी. आसना नदीचा पूल आला की मायचं पदर सावरून ताठ बसणं, जणू परीक्षेच्या वर्गात शिरायचं आहे. आणि माझे डोळे कायम दोन ठिकाणी, एक रस्त्यावर आणि एक त्या लहानशा काट्यावर. काटा मध्यावर असला की मी मायशी बोलायचे. वर चढायला लागला की गप्प व्हायचे. मायला ते लवकरच कळलं. मी गप्प झाले की तीच विचारायची, "तापली का गं?"

शेक सुरू होऊन आठवडा झाला आणि तिचं पोट बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं. रस्त्यात कुठंही थांबावं लागायचं. मी बाभळीच्या आडोशाला गाडी घ्यायचे, मागच्या सीटवरची चादर दोन्ही हातांनी ताणून धरायचे आणि तोंड दुसरीकडं करून उभी राहायचे. पाठीमागून मायचा आवाज यायचा, "तुला काय काय करायला लावून राहिले मी." मी म्हणायचे, "तू माझं केलंच नव्हतंस का?" एवढंच. मग आम्ही पुढं निघायचो. तिच्या आजाराचं नाव ती घ्यायची नाही. गावात कुणी विचारलं तर "पोटाचं हाय" म्हणायची. घरात आमच्यात सुद्धा "ते" म्हणायची. ते कमी व्हईल का, ते परत तर येनार न्हाई.

पहिल्यांदा गाडी बंद पडली तो दिवस विसरता येत नाही. शेकाच्या आधी तासभर भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची असते, तसं दवाखान्यात शिकवलं होतं. मायनं रस्त्यात अर्धी बाटली पाणी पिऊन घेतलं, आणि पुढच्या वळणावर बॉनेटमधून फस्स करून वाफ निघाली. गाडी कडेला लावली. वर ऊन, आसपास झाड नाही. मी बॉनेट उघडून उभी राहिले. ती वाफ शमेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नसतो एवढंच मला ठाऊक होतं. गाडीत राहिलेलं पाणी म्हणजे मायच्या बाटलीतलं अर्धं. ते तिला प्यायचं होतं. मी बाटलीकडं बघत राहिले.

माय आतून म्हणाली, "बघून काय राहिली? तिला पाज आधी. ती चालली तर मी चालन."

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. लांबवर एक रसवंती दिसत होती. मी पळत गेले. रसवाला उसाचं कांडं घाण्यात घालत होता. त्यानं माझं तोंड बघितलं, घाणा बंद केला आणि बादली उचलली. येता येता त्यानं विचारलं, "दवाखान्यात चाललात का?" मी हो म्हटलं. तो झपाझप चालायला लागला. पाणी ओतलं, गाडी चालू झाली तेव्हा मायला म्हणाला, "मावशी, येताना थांबा. रस पिऊन जा." आम्ही पोचलो तेव्हा मशीनवरचा माणूस दिवे बंद करत होता. तो चिडला. "ही काय वेळ झाली?" माय त्याच्यासमोर पोटावर हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, रागाव मंग. आधी शेक दे. आता धरवत न्हाई." तो हसला आणि दार उघडलं.

येताना रसवंतीवर थांबलो. मायनं दोन घोट घेतले, बाकीचा मी प्याले.

त्यानंतर गफूरभाईच्या गॅरेजात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. गफूरभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, आवाज मऊ. देवासारखा कारागीर वगैरे म्हणावं असं काही नव्हतं. त्यांनी आधी थर्मोस्टॅट बदलला. गाडी दोन दिवस बरी चालली, मग तापली. मग पंखा बदलला. मग पाण्याचा पंप. दर वेळी ते खात्रीनं सांगायचे आणि दर वेळी काटा वर चढायचा. दर वेळी पैसे जायचेच. एकदा मी तडकले. "गफूरभाई, तुम्हाला नेमकं कळतंय का, की नुसते एकेक पार्ट बदलून बघताय?"

त्यांनी हात पुसले. "खरं सांगू का ताई? अंदाजानंच करून राहिलो. ही लई जुनी झाली. आता एकच राह्यलं, इंजन खोलून बघायचं. खर्चा मोठा हाय, म्हनून मी टाळत होतो." मला राग आला, आणि त्यांच्या खरं बोलण्यानं तो निम्मा उतरलाही. पण इंजिन खोलायचं तर गाडी कित्येक दिवस उभी राहणार. खंड पडू द्यायचा नव्हता.

मग एक दिवस बसनं गेलो. मिलिंद म्हणतच होता, बस काय वाईट आहे. पुढच्या सीटवर मायला बसवलं. अर्ध्या रस्त्यात तिनं माझा हात घट्ट धरला. मी कंडक्टरला सांगितलं. भला माणूस, त्यानं लगेच घंटी मारली. बस थांबली. आडोसा म्हणून एक शेताचा बांध. मी चादर धरली, पण बसच्या एका बाजूच्या साऱ्या खिडक्या आमच्याकडं होत्या. कुणी वाईट नव्हतं बघत, माणसं बघतात तसंच बघत होती. परत चढताना मायनं कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही. नांदेड येईपर्यंत ती पायांकडं बघत राहिली. उतरल्यावर इतकंच म्हणाली, "नंदा, गाडी कवा हुईल?"

मला त्या क्षणी कळलं की ही गाडी आमच्यासाठी ऐषाराम नाही, सोयही नाही. तिच्या काचा वर होतात, ती आपण म्हणू तिथं थांबते. नको तिथंही थांबते, ते वेगळं. पण तिच्यात मायची अब्रू होती. मी गफूरभाईला फोन केला. "खोला इंजिन."

शुक्रवारचा शेक घेऊन आलो तशी गाडी त्यांच्या हवाली केली. मध्ये शनिवार-रविवार. त्यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून दाखवलं. आतलं गॅस्केट जळालेलं, तेल दुधाच्या चहासारखं पांढरट झालेलं. हेड नांदेडला घासायला पाठवावं लागणार होतं. सोमवारी गाडी मिळणार नाही हे नक्की झालं. खर्चाचा आकडा ऐकून मी घरी येऊन ओट्यावर बसून राहिले. माय अंगणात वाळत्या हळदीवरून पायानं रेघा ओढत होती, हळद खालीवर करायची म्हणून. डॉक्टरांनी काम करू नको म्हटलं होतं. एवढ्या बाबतीत मात्र ती कुणाचंच ऐकायची नाही.

"किती म्हनतोय?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

ती थांबली, पायाखालच्या हळदीकडं बघितलं. "पयली गोणी इकून टाकू. दुसरीबी टाकू. आवंदाची हळद इंजनात गेली म्हनायचं."

"माय, देशमुखसाहेब म्हणतात, एवढ्या पैशात दुसरी..."

"दुसरी घ्यायला मला येळ हाय का?" ती म्हणाली.

सोमवारी आमच्या गल्लीतला नामदेव बाजारात हळद घेऊन निघाला होता. त्याच्या पिकअपमध्ये मायला पुढं बसवलं आणि मी मागं गोण्यांवर. वसमतला गोण्या उतरवून तो तसाच आम्हाला नांदेडला घेऊन गेला; रस्त्यात मायनं म्हटलं तिथं थांबला आणि गाडीच्या पलीकडं पाठ करून बिडी ओढत उभा राहिला. मंगळवारीही तोच. बुधवारी दुपारी गफूरभाईचा फोन आला. मी गेले, किल्ली फिरवली. आवाज ओळखू येईना, इतका मऊ. गफूरभाईनं पैसे मोजून घेतले, एक रुपया सोडला नाही. मग म्हणाले, "ताई, अम्मीला सांगा, आता हिचं दुखणं मला कळलं. बाकी अल्ला मालिक." त्याच दुपारी मायला घेऊन नांदेड गाठलं. आम्ही रोज म्हणजे रोज गेलो. खंड पडला नाही.

शेवटचे शेक आतून दिले जातात. ते सगळ्यात कठीण. त्यांचं मी लिहिणार नाही. तिनं दात ओठांवर दाबून जे सोसलं ते तिचं आहे. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं आजी. आता तीन महिन्यांनी दाखवायला या." बाहेर आलो तेव्हा एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. रस्त्यांवर जयंतीच्या निळ्या पताका लागायला सुरुवात झाली होती. मी गाडी घराकडं काढणार तर माय म्हणाली, "नंदा, सिद्धेश्वरला चल."

"आत्ता? माय, लांब आहे. ऊन बघ. गाडी..."

"गाडीला काय झालं? दवाखान्याला चालती अन् धरनाला चालत न्हाई व्हय? जलमभर त्या धरनाच्या पान्यावर हळद पिकवली, एकदाबी निवांत बघितलं न्हाई. चल म्हनते ना."

मी पाटबंधारे खात्यात नोकरी करते. कालव्याला पाणी कधी सुटणार, कुठपर्यंत जाणार, हे कागद माझ्या टेबलावरून जातात. पण मायला धरण दाखवावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी गाडी वळवली. औंढ्याच्या बाजूनं चढ लागला तशी माझी नजर काट्याकडं गेली. तो चढला, जरा थांबला, जरा खाली आला. त्या वेळी गाडी थांबली असती तरी मला चाललं असतं. कुठं वेळेवर पोचायचं नव्हतं, हेच इतक्या दिवसांनी नवीन होतं.

पाणी बरंच खाली गेलेलं होतं. काठाला भेगाळलेला गाळ, त्यापलीकडं लांबवर निळं. भोयांच्या होड्या, वाळत घातलेली जाळी. एक बाई चुलीवर मासे तळत होती. मायला कित्येक दिवस अन्नाचा वास सहन होत नव्हता. ती त्या चुलीसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "मला एक दे. कुरकुरीत कर."

बाईनं तिच्याकडं नीट बघितलं. हातापायाच्या काड्या, ब्लाऊज सैल झालेलं. "लई वाळलाव आजी. आजारी व्हता काय?"

मी पटकन काहीतरी बोलणार होते. पोटाचं होतं, म्हणणार होते. पण माय माझ्या आधी बोलली. "कॅन्सर झाल्ता मला. पिशवीचा. आजच शेक संपले."

चुलीतली लाकडं तडतडत होती. त्या बाईनं काही हळहळ केली नाही. तिनं मोठा तुकडा काढून पानावर ठेवला, लिंबू पिळलं. "मंग खावा पोटभर," ती म्हणाली. मायनं सावकाश काटे काढत तो सगळा मासा खाल्ला. पाण्यावरून गार वारा येत होता. तो शब्द तिच्या तोंडून पडला आणि जगात काहीच कोसळलं नाही, हे मी बघत होते. तीही बघत असावी.

त्याला आता काही वर्षं झाली. माय आहे. वजन पूर्वीसारखं भरलं नाही, पाय सुजतात, पण तपासणीचे कागद चांगले येतात. हळद अजून तीच बघते. त्या गाडीत त्यानंतर क्लच गेला, सेल्फ गेला, एकदा सायलेन्सर रस्त्यात पडला. गफूरभाईनं त्यांच्या पोरीचं लग्न माझ्या पैशात केलं असं मी त्यांना म्हणते, आणि ते "मेहेरबानी ताई" म्हणून हसतात.

यंदा हळद निवडायला आमच्या अंगणात बाया आल्या होत्या. गड्डे एका बाजूला, हळकुंडं एका बाजूला. हात चालू, तोंड चालू. त्यात आमच्या शेजारची पारूबाई, चाळिशीची, मध्येच कमरेला हात लावून उठली आणि दाराआड गेली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला. माय तिच्याकडं बघत राहिली. मग हातातलं हळकुंड खाली ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पारू, डाग पडून राहिले का?"

बायांचे हात थांबले.

"लाजू नको. माझं बी तसंच झाल्तं. म्या लपवलं, म्हनून मरता मरता राहिले. तो कॅन्सर व्हता. तुमी समद्याजनी ऐका. तपासून घेतलं तर कळतंय, लवकर कळलं तर बरं व्हतंय. माझ्याकडं बघा, बसले का न्हाई तुमच्या म्होरं?"

पारूबाईनं हळूच विचारलं, "तपासायला कुटं जावं लागतंय?"

"वसमतला सरकारी दवाखान्यात. नंदा नेईल."

मी नेईन, हे मला तिथंच कळलं. संध्याकाळी गफूरभाईकडं जाऊन गाडी आणली. सकाळी दार उघडलं तर अंगणात पारूबाई होती, आणि तिच्यामागं आणखी तिघी, आणि त्यांच्याही मागं मशिदीजवळ राहणारी शमीमआपा, बुरख्यातून घाम पुसत. गाडीत बसणार किती! मायनं पुढच्या सीटवर ठेवलेली तिची पिशवी उचलून घेतली.

"तू येणार नाहीस?" मी विचारलं.

"मला काहून? मला रस्ता ठावं हाय. माझ्या जागी शमीमला बसव."

चौघी मागं दाटीवाटीनं बसल्या. पारूबाईनं खिडकीतून मायचा हात धरला. त्या पोचा आलेल्या दाराकडं, मग बॉनेटकडं बघत ती भीतभीत म्हणाली, "काकू, ही गाडी पोचवल ना?"

"उशीर करन," माय म्हणाली, "रुसन, दोनदा खाली उतरवन. पन पोचवतीया." आणि दार लोटून, ते नीट लागलं का हे बघायला तिनं ते बाहेरून कमरेनं एकदा दाबलं.